बडोद्याच्या रात्रीला किती उजेड पुरेल

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला आणि मगरी थेट वस्त्यांमध्ये शिरल्या. तेव्हापासून बडोद्यातल्या मराठी घरांत नदीचा विषय निघाला की एक मागणी हमखास पुढे येते: काठावर मोठे दिवे लावा, म्हणजे मगर लांबूनच दिसेल. दुसरी बाजू म्हणते, नदीला हात लावू नका. मग वाद ‘विकास की मगर’ या जुन्याच वळणावर जातो. जर्मनीत बसून हा वाद ऐकताना एक गोष्ट खटकते. जास्त दिवे म्हणजे जास्त दिसणं, हे दोन्ही बाजूंनी न बोलता मान्य केलेलं असतं. तेच मुळात खरं नाही.

पाण्यात पडून असलेल्या मगरीचे फक्त डोळे आणि नाकपुड्या पाण्यावर असतात. खांबावरच्या फ्लडलाइटचा झोत पाण्यावर पडला की पाणी आरशासारखं चकाकतं आणि त्या चकाकीत मगर उलट लपते. रात्री मगरी मोजणारे लोक वेगळी युक्ती वापरतात. ते विजेरी कपाळावर बांधतात किंवा डोळ्यांच्या रेषेत धरतात. मगरीच्या डोळ्यात मागच्या बाजूला चमकणारा पडदा असतो, तो उजेड आला त्याच दिशेला परत फेकतो. म्हणून दिवा पाहणाऱ्याच्या डोळ्याजवळ असेल तरच ते लालसर निखारे दिसतात. दहा मीटर उंच खांबावरून आलेला उजेड खांबाकडेच परततो, माणसाला काही दिसत नाही. काठाने जाणाऱ्याने डोळ्यांजवळ धरलेली साधी विजेरी इथे शंभर वॅटच्या फ्लडलाइटपेक्षा जास्त कामाची आहे.

नदीकाठचं हे गणित पुढे शहरभर लागू पडतं, आणि झोपायच्या खोलीतही.

२०१५पासून भारतभर रस्त्यांवरचे सोडियमचे पिवळे दिवे काढून एलईडी बसवले गेले. वीज वाचली, पालिकांची बिलं उतरली, हे चांगलंच झालं. पण वीज वाचवताना रंग बदलला. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा वाढला की रंग निळसर होतो. सोडियमचा रंग साधारण २००० केल्विनचा, समईच्या ज्योतीच्या जवळचा. नवे दिवे बहुतेक ठिकाणी ५००० केल्विनच्या वरचे, म्हणजे निळसर पांढरे. पांढऱ्या एलईडीच्या आत मुळात निळा दिवाच असतो, ४५० नॅनोमीटरच्या आसपासच्या लहरींचा. त्यावर पिवळा लेप देऊन पांढरा रंग बनवतात. लेप पातळ असला की निळा जास्त बाहेर पडतो. आपल्या डोळ्यांत पाहण्याचं काम न करणाऱ्या काही पेशी असतात. दिवस आहे की रात्र एवढंच त्या मेंदूला कळवतात, आणि त्या ४८० नॅनोमीटरच्या निळ्याला सर्वांत जास्त दाद देतात. निळा पोचला की मेंदू मेलाटोनिन हे झोपेची वेळ झाल्याचं कळवणारं संप्रेरक सोडायचं लांबवतो आणि झोप पुढे सरकते. शरीरातलं हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं ते शोधणाऱ्या तिघांना २०१७चं नोबेल मिळालं, इतका हा विषय पक्का आहे.

२०२२मध्ये या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी आकडे ठरवून दिले. ते आकडे या पेशींना जाणवणाऱ्या उजेडाचे आहेत, आणि एखाद्या जागी किती उजेड पडतो त्याचं माप म्हणजे लक्स: दिवसा किमान २५० लक्स, झोपेआधीचे तीन तास १०पेक्षा कमी, झोपेत १पेक्षा कमी. आता दिवाणखाना बघा. ६५०० केल्विनच्या दोन ट्यूब लावल्या की सोफ्यावर बसलेल्याच्या डोळ्यापाशी सहज ५० ते १०० लक्स येतात, म्हणजे मर्यादेच्या पाच-दहा पट. तेवढाच उजेड २७०० केल्विनच्या दिव्याचा असेल तर या पेशींवरचा परिणाम साधारण निम्मा होतो. दिव्यातून एकूण किती उजेड निघतो ते लुमेनमध्ये मोजतात. तुलनेसाठी, एक मेणबत्ती १२-१३ लुमेन देते आणि ९ वॅटचा बल्ब ८००-९००. तिन्हीसांजेला समई लावून ‘शुभं करोति’ म्हणायचं आणि लगेच डोक्यावरच्या दोन ट्यूब पेटवायच्या, असं आपलं आता झालं आहे. पिवळा दिवा मंद असतो ही समजूत जुन्या बल्बमुळे पडली. खोक्यावर वॉर्म व्हाइट, २७०० के किंवा ३००० के असं बघून घ्या. लुमेन फार तर ५ ते १० टक्के कमी भरतात. दुकानदार विचारल्याशिवाय ६५००चाच देतो, कारण तोच खपतो.

इथे परदेशाची तुलना उपयोगी पडते, पण नेहमीच्या पद्धतीने नाही. जर्मन घरांना खिडकीबाहेर गुंडाळता येणाऱ्या पट्ट्यांची झडप असते. संध्याकाळी ती खाली ओढली की खोलीत मिट्ट काळोख. त्यामुळे रस्त्यावरचा दिवा कितीही वाईट असला तरी झोपेपर्यंत पोचत नाही. बडोद्यात मे महिन्यात पारा ४२-४३ला टेकतो. एसी नसलेल्या घरात खिडक्या सताड उघड्या, कित्येकांचं अंथरूण गच्चीवर. तोच दिवा तिथे थेट उशीवर येतो. म्हणजे दिव्याचे नियम कडक हवेत ते बडोद्यात, आणि आहेत मात्र जर्मनीत. तिथल्या राज्यांनी मान्य केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निवासी भागात रात्री १० नंतर शेजारच्या दिव्याचा उजेड खिडकीवर १ लक्सपेक्षा जास्त पडू नये. पौर्णिमेचं चांदणं लक्सच्या पावभागाएवढं असतं, त्यावरून अंदाज करा. आपल्याकडे आवाजासाठी २००० सालचे नियम आहेत, रात्री दहाचा काटा सगळ्यांना ठाऊक आहे. उजेडासाठी तसं काहीच नाही.

म्हणून जर्मनी आदर्श ठरत नाही. २०२१मध्ये तिथल्या निसर्गसंरक्षण कायद्यात नवे दिवे कीटकांना त्रास न देणारे असावेत असं कलम घातलं, पण त्यासाठी लागणारा तपशीलवार नियम पुढची काही वर्षं रखडला. शेजारच्या हॉलंडमध्ये शेतीच्या काचघरांतल्या दिव्यांनी आकाश नारिंगी होत असे, तेव्हा ९८ टक्के उजेड अडवणारे पडदे सक्तीचे करावे लागले. उलट फुल्डा हे मध्यम शहर नुसते दिवे नीट लावून २०१९मध्ये जर्मनीचं पहिलं ‘ताऱ्यांचं शहर’ ठरलं. आपल्याकडेही पेंचच्या जंगलाला २०२४मध्ये काळोख्या आकाशाचं मानांकन मिळालं. पण ते जंगल आहे, प्रश्न शहराचा आहे.

आणि युरोपातली वेळापत्रकं तशीच उचलूनही चालणार नाही. फ्रान्समध्ये दुकानांच्या काचांमागचे दिवे रात्री उशिरा सक्तीने बंद होतात, ते तिथे ठीक आहे. बडोद्यात उन्हाळ्याचा दिवसच मुळी संध्याकाळी सात वाजता सुरू होतो, कारेलीबागच्या रात्री बाजारात अकराला गर्दी असते. नवरात्राच्या नऊ रात्री तर उजळायलाच हव्यात. त्रास नऊ रात्रींचा नसतो. गरब्याच्या मैदानावरचे झोत, झाडांना गुंडाळलेल्या माळा, कमानीवरचे दिवे नवरात्र संपल्यावरही दिवाळीपर्यंत आणि पुढे वर्षभर तसेच राहतात, त्रास त्याचा आहे.

वडोदरा हे नावच वडावरून आलं. वडाची फळं खाऊन बी लांब नेऊन टाकण्याचं काम मोठी वटवाघळंही करतात. १९७२च्या वन्यजीव कायद्यात ती कावळे-उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली, पण लोकांच्या मनातून ती गेलेली नाही. फळं खाणारी वटवाघळं उजळलेल्या झाडाकडे यायला कचरतात. म्हणजे दिव्यांची माळ गुंडाळलेला वड फळं धरतो, पण बी दूर कमी जातं. शिवाय तार घट्ट आवळलेली असते, खोड जाडावतं तशी ती सालीत रुतते. माळ लावायचीच असेल तर खोडाभोवती सैल, चार बोटं जातील इतकी, आणि दहा दिवसांत काढायची. खिळा नाही, सुतळी.

किड्यांचं तर रोज डोळ्यांसमोर घडतं. पहिला पाऊस पडला की संध्याकाळी उधईचे पंखवाले किडे दिव्याभोवती थैमान घालतात. जुन्या घरांत तेव्हा दिवा मालवून दाराशी पाण्याचं घमेलं ठेवत. पतंग दिव्यावर झेपावतो असं आपण म्हणत आलो. २०२४मध्ये संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं की तो झेपावतच नाही. उडताना किडा पाठ आकाशाकडे, म्हणजे उजळ बाजूकडे ठेवतो. दिवा जवळ आला की तो दिव्यालाच आकाश समजून पाठ तिकडे वळवतो आणि गोल गोल फिरत अडकतो. म्हणून वर उजेड फेकणारा दिवा सर्वांत वाईट. खाली तोंड केलेल्या, बाजूंनी झाकलेल्या दिव्यात तो कमी अडकतो. दिव्याखाली किडे पडले की बेडूक येतात, बेडकांमागे साप येऊ शकतो. सापाच्या भीतीने आवारात लावलेला झगझगीत दिवा कधीकधी सापाचं ताट वाढतो. पायवाटेला गुडघ्याच्या उंचीचे, जमिनीकडे तोंड केलेले पिवळे दिवे लावले तर पाऊल कुठे पडतंय ते नीट दिसतं.

डभोईजवळचं वाढवाणा तळं सयाजीराव महाराजांच्या काळात सिंचनासाठी बांधलेलं. २०२१मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं. हिमालय ओलांडून तिथे उतरणारे पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस, बरंचसं अंतर रात्री कापतात. शहराची क्षितिजावरची पांढरी धुरकट प्रभा अशा पक्ष्यांच्या वाटेत येते, आणि निळसर उजेड हवेत जास्त विखुरत असल्याने ती पांढऱ्या एलईडीने वाढते.

मग बायकांच्या सुरक्षेचं काय, हा प्रश्न लगेच येतो आणि तो रास्तच आहे. नवरात्रात मुली रात्री एक-दोनला निर्धास्त घरी येतात याचा बडोद्याला अभिमान आहे, तो राहिलाच पाहिजे. पण फाटकावरच्या ५० वॅटच्या उघड्या फ्लडलाइटकडे बघत चालत येणाऱ्या मुलीला काय दिसतं? डोळा सर्वांत झगझगीत गोष्टीशी जुळवून घेतो, बाहुली आकसते, आणि दिव्यामागच्या सावलीत उभा माणूस काळ्या ठिपक्यात विरून जातो. तो मात्र तिला स्वच्छ बघू शकतो. सुरक्षित उजेड सारखा पसरलेला असतो, डोळ्यांवर येत नाही आणि समोरच्याचा चेहरा ओळखू देतो. दोन मंद दिवे एका झगझगीत दिव्यापेक्षा चांगले, ते याचसाठी.

सोसायटीतला तो फ्लडलाइट दुरुस्त करायला फार पैसे लागत नाहीत. बहुतेक ठिकाणी तो कठड्यावर ४५ अंशांत समोर तोंड करून बसवलेला असतो. वीज बंद करून यू-पट्टीचे बाजूचे दोन बोल्ट सैल करा आणि काच जमिनीला समांतर होईपर्यंत तोंड खाली वळवा. उजेडाचा पट्टा आता लहान झालेला दिसेल, तेव्हा लोक घाबरून पुन्हा तोंड वर करतात. तसं न करता ५०च्या जागी २० वॅटचे दोन लावा, ४ ते ५ मीटर उंचीवर, थोडं अंतर ठेवून. भिंत पांढरी असेल तर दिवा तिच्यापासून हातभर पुढे घ्या, नाहीतर भिंतच दुसरा दिवा होते. पत्र्याचं झाकण लावायचं तर आतून काळा, न चमकणारा रंग द्या आणि मागच्या उष्णता सोडणाऱ्या पट्ट्या मोकळ्या ठेवा. त्या झाकल्या की ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग, तापून एका उन्हाळ्यात जातो. रंगीत जिलेटिन कागद काचेवर चिकटवू नका, उष्णतेने तो वितळतो आणि फिका पडतो.

माणूस आला की पेटणारा सेन्सर लावणं उत्तम, पण इथे बडोद्याचा उन्हाळा आडवा येतो. साधा पीआयआर सेन्सर अंगाची ऊब आणि मागच्या भिंतीची ऊब यांतला फरक ओळखतो. मे महिन्यात रात्री नऊला सिमेंटची भिंत ३५-३६ अंशांवर असते, फरकच उरत नाही, आणि सेन्सर आंधळा होतो. लोक तो बिघडला म्हणून काढतात आणि दिवा पुन्हा रात्रभर जळतो. तिथे मायक्रोवेव्ह सेन्सर घ्या. तो काचेतून आणि पातळ भिंतीतूनही हालचाल पकडतो, म्हणून संवेदनशीलता कमीतून सुरू करून वाढवत न्या. पीआयआरच ठेवायचा असेल तर २ ते २.५ मीटर उंचीवर, माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल असा बसवा. सरळ त्याच्याकडे चालत येणारा त्याला उशिरा कळतो. वेळ दोन मिनिटांवर ठेवा.

घरातल्या झोपेसाठी मोबाइलवरचं लक्स मोजणारं ॲप फसवं आहे, पाच लक्सच्या खाली त्याचा भरवसा नाही. त्यापेक्षा सगळे दिवे बंद करून दहा मिनिटं पलंगावर पडा. वर्तमानपत्राचा मथळा सहज वाचता आला तर उजेड जास्त आहे. भिंतीवर हाताची ठळक कडांची सावली पडली तर कुठला तरी दिवा थेट आत येतो आहे. सावलीच्या उलट दिशेला बघा, तो सापडेल. तो रस्त्यावरचा निघाला तर ‘उजेडाचा त्रास होतो’ एवढ्या तक्रारीवर काही होत नाही. खांबाचा क्रमांक, खिडकीचा मजला आणि दिवा खांबाच्या कुठल्या बाजूला आहे ते लिहा, आणि दिव्याच्या घराकडच्या बाजूला उजेड अडवणारी झडप बसवून मागा. दिवा काढायची मागणी रस्त्यावरचे इतर लोक हाणून पाडतील. झडपेला कुणाची हरकत नसते, आणि खांबावर माणूस चढलाच तर तेवढं काम त्याच फेरीत होऊन जातं.