'यूनियास' नव्हे, यूनिया

लेखात बायबलच्या नव्या करारातल्या, पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्र १६:७ मधल्या यूनियाला 'यूनियास' करून पुरुषांत बसवलंय, ते दुरुस्त करा. गफलत एका चिन्हाची आहे. मूळ ग्रीकमध्ये हे नाव द्वितीयेत येतं, 'यूनिआन'. आघात 'नि'वर धरला तर बाई, 'आ'वर धरला तर पुरुष. जुन्या हस्तलिखितांत आघातचिन्हं घालतच नसत, म्हणजे निवड संपादकाची. ग्रीक नव्या कराराच्या नेस्ले-संपादित १९२७ च्या आवृत्तीने पुरुषी आघात छापला, तो थेट १९९८ च्या फेरछपाईत काढला गेला. गंमत म्हणजे 'यूनियास' हे नाव त्या काळच्या एकाही शिलालेखात मिळत नाही. 'यूनिया' एकट्या रोममध्ये अडीचशेच्या वर वेळा सापडतं. चौथ्या शतकातला धर्मगुरू ख्रिसोस्टम, ज्याची मातृभाषाच ग्रीक, तिला बिनदिक्कत स्त्री आणि प्रेषित म्हणतो.

खरा वाद उरतो तो त्या ओवीत तिच्याबद्दल म्हटलेल्या शब्दांचा अर्थ 'प्रेषितांमध्ये नामांकित' की 'प्रेषितांना परिचित' एवढाच. मला पहिला अर्थ पटतो. ख्रिसोस्टमनेही तोच घेतला.

आणि १६:१ मधली फिबी नुसती 'सेविका' नाही. तिथला शब्द 'दियाकोनोस', म्हणजे सेवक किंवा मंडळीतला पदाधिकारी; १ करिंथ ३:५ मध्ये पौल तोच स्वतःला आणि प्रचारक अपुल्लोला लावतो. पुढच्याच ओवीत तिला 'प्रोस्तातिस', म्हणजे आश्रयदाती, म्हटलंय.