सीपीयूत सरकी टोचली तर

"सर, हे घरात ठेवलं होतं का शेतात?"

दुकानातल्या पोरानं सीपीयूचं झाकण काढलं आणि चारचौघांत हा प्रश्न विचारला. चार दिवस झाले, अजून तो माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

बटण दाबून मी आंघोळ उरकून यायचो, तरी पडद्यावरचं गोल फिरतच असायचं. म्हणून तो डबा स्कूटीवर पायांत धरून स्टेशन रोडला नेला होता. एरवी कॉम्प्युटरच्या बाबतीत मी लोकांना शिकवणारा माणूस. कॉलेजात कुणाचं मशीन अडलं की मलाच हाक येते. मी जातो, डेस्कटॉपवर दहाबारा वेळा रिफ्रेश मारतो, टेम्पच्या फाइली उडवतो आणि चहा पिऊन येतो. घरच्या मशीनची तर दर रविवारी सेवा. रिसायकल बिन झाडायची, डिस्कवर विखुरलेल्या फाइली सलग लावणारं डीफ्रॅग लावायचं, शिवाय वेग वाढवतो म्हणणारी फुकटातली दोन सॉफ्टवेअरं आणि दोन अँटिव्हायरस. दहा वर्षांत झाकण तेवढं उघडलं नव्हतं.

बाकड्यावर एक काका बसले होते. धोतर, टोपी, मांडीवर पासबुकं आणि आधार कार्डाची पिशवी. पीकविम्याचा फॉर्म भरायला आलेले. फॉर्म अर्धा झाला होता, पण माझा डबा उघडल्यावर त्यांचं विम्यातलं लक्षच उडालं. उठून आले, वाकले, पंख्यावरच्या थरात बोट फिरवलं आणि ती धूळ चिमटीत चोळून बघितली.

"काळी हाय. चांगल्या रानातली हाय. ह्याच्यात सरकी टोचली तर यील, मास्तर."

दुकान हसलं. मी पण हसलो. न हसून करतो काय!

पोरगा म्हणाला, दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवायचे नसतात, एकमेकांच्या पायात येतात. काकांनी लगेच मान डोलावली. "दोन कुत्रे ठिवले की रातभर एकमेकावरच भुकत्यात. चोर बिनघोर जातो."

मग हार्ड डिस्क. आतली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, हे ऐकून काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "मिनटाला? अन् धा वर्षं? मास्तर, बैलाला बी येवढं जुंपत नाहीत. सोडा आता त्याला."

पोरानं एसएसडी, म्हणजे नव्या तऱ्हेची डिस्क, दाखवली. हिच्यात काही फिरतच नाही, म्हणून सगळं लवकर उघडतं. आणि हिला डीफ्रॅग करायचं नाही, उगाच झिजते, हे त्यानं माझ्याकडं बघून मुद्दाम सांगितलं. काका बराच वेळ विचारात. "आमचा तलाठी बी फिरत नाही. मंग त्याचं काम काहून लवकर होईना?"

इथपर्यंत ठीक. पण धुळीबद्दल मला बोलायचंच आहे. आमच्या गल्लीतला रस्ता एकदा पाइपासाठी खणला, बुजवला आणि मग केबलसाठी पुन्हा खणला. ती धूळ माझ्या घरची नाही, मी फक्त ती सांभाळली. पंखा तुंबला की प्रोसेसर तापतो, आणि तापला की जळू नये म्हणून आपणहून हळू होतो. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की आख्खं परभणी हेच करतं. त्याला कुणी ब्लोअर मारत नाही. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणायचं आणि तोंडाला रुमाल बांधून फिरायचं!

वर पोरगा म्हणतो, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ साठी तुमचा प्रोसेसर बसत नाही. म्हणजे धूळ काढा, रॅमच्या पट्ट्या खोडरबरानं घासा, नवी डिस्क घाला, एवढं करून मशीन धावायला लागलं तरी कागदोपत्री ते म्हातारंच. चालत्या वस्तूला भंगार ठरवायची ही कसली घाई?

तेवढ्यात दुकानाचाच कॉम्प्युटर अडकला. पांढरा पडदा, त्यावर गोल. पोरगा माझ्या डब्यात ब्लोअर घालून बसलेला. काका माझ्याकडं बघून म्हणाले, "मास्तर, तुमी बघा की जरा." दिवसभरात पहिल्यांदा कुणी माझी मदत मागितली होती. मी ऐटीत पुढं झालो आणि हाताच्या सवयीनं एफ-फाइव्ह दाबलं.

डेस्कटॉपवर त्या बटणानं चित्रं नुसती पुन्हा उमटतात, वेगाला काही फरक पडत नाही. फॉर्मवर दाबलं तर आख्खं पान नव्यानं येतं. आलं. कोरं करकरीत.

पोरगा काही बोलला नाही. फक्त ब्लोअर बंद केला. काकांनी पिशवी परत उघडली, सातबारा काढला, चष्मा घरी राहिलाय म्हणाले आणि कागद माझ्या हातात दिला.

"वाचा मास्तर. गट नंबरापासून."