‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य आता पुरे

घरात कुणाला कॅन्सर निघाला की फोनवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. बोलणारा मनापासून बोलतो. पण केमोच्या चकरांत अडकलेलं घर उलट फोन करून ‘आज भात लावून दे’ असं सहसा सांगत नाही. मदत होत नाही, आणि बोलणाऱ्यालाही काहीतरी राहून गेल्याची रुखरुख लागते.

दुसऱ्यासाठी काही केलं की आपल्यालाही बरं वाटतं, हे मोजून पाहिलेलं आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका प्रयोगात ४६ जणांना सकाळी ५ किंवा २० डॉलर दिले आणि संध्याकाळी ५ च्या आत खर्च करायला सांगितले, काहींना स्वतःवर, काहींना दुसऱ्यावर. दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खुशीत होते आणि रकमेने फरक पडला नाही. पुढे मोठ्या गटांवर तपासलं तेव्हा परिणाम टिकला, पण लहान निघाला. म्हणून ‘भलं करा, सुखी व्हा’ एवढंच सांगून भागत नाही. कसं करता, यावर बरंच ठरतं.

पहिली गोष्ट, दुसऱ्याचं दुःख अंगावर घेऊ नका. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी स्वयंसेवकांना आधी समोरच्याची वेदना स्वतः अनुभवायला शिकवलं. दुःखाच्या चित्रफिती पाहताना ती माणसं आणखी खचली. मग त्यांनाच समोरच्याचं भलं चिंतायला शिकवलं, तेव्हा त्याच प्रकारच्या चित्रफिती पाहूनही मन सावरलं. नर्स, समुपदेशक, घरी वर्षानुवर्षं शुश्रूषा करणाऱ्या सुना-मुली यांचा थकवा बऱ्याचदा इथूनच येतो. खोलीत शिरताना ‘हे माझ्यावर आलं असतं तर’ हा विचार मनात आला की छाती भरून येते आणि पाय मागे फिरतात. तिथेच प्रश्न बदलायचा: ‘यांना आत्ता कशाने बरं वाटेल?’ मग उशी सरकवायची असते, पाणी द्यायचं असतं, पंखा कमी करायचा असतो, किंवा नुसतं गप्प बसायचं असतं. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. खुर्ची ओढून बसा, पलंगाशी उभे राहू नका. आणि ‘आमच्या अमक्यालाही हेच झालं होतं’ ही गोष्ट कृपा करून सांगू नका. शेवट चांगला असला तरी नको.

आता डबा. दिवस, वेळ आणि पदार्थ आपणच ठरवून विचारायचं: ‘गुरुवारी साडेसातला मऊ भात, वरण आणि दुधीची भाजी आणतो, चालेल?’ समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं. तिखट आणि फोडणीचा वास केमोच्या दिवसांत अनेकांना सोसत नाही, तेवढं विचारून घ्या. अन्न ताजं, पूर्ण शिजलेलं हवं. कोशिंबीर किंवा कच्ची चटणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सोबत बसणाऱ्याचं जेवणही त्यातच धरा, कारण आधी जेवण चुकतं ते त्याचं. आणि आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, त्यामुळे त्या घरातल्या बाईला डब्यात काय घालू याचीच चिंता लागते. आधीच सांगून टाका: डबा रिकामाच घेऊन जाणार.

भिडेखातर केलेल्या मदतीने मात्र सुख मिळत नाही. २०१० साली नेटा वाइनस्टाइन आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी हेच दाखवलं: स्वतःहून मदत करणाऱ्याचं मन खुलतं, दडपणाखाली करणाऱ्याला तो फायदा होत नाही. माझ्या मते आपल्या समाजात सगळ्यात जास्त त्रास इथेच आहे. सगळे गृहीत धरतात म्हणून एकच वहिनी दहा घरांचं करते आणि आतून कडवट होत जाते. तिने ‘रोज जमणार नाही, रविवारी सकाळी दोन तास येईन’ असं म्हटलं तर तो स्वार्थ नाही. त्या दोन तासांत ती मनापासून तिथे असेल.

आपली मदत कुठे पोचली हेही कळायला हवं. एका प्रयोगात दान दिल्यावर जास्त आनंद त्यांना झाला, ज्यांना आपल्या पैशांतून मच्छरदाणी जाणार हे नेमकं ठाऊक होतं. मोठ्या संस्थेच्या सर्वसाधारण निधीत देणाऱ्यांना तेवढा झाला नाही. स्टॉकहोममध्ये रक्तदात्याला त्याचं रक्त वापरलं गेल्यावर एसएमएस जातो. आपल्या रक्तपेढ्यांनीही हे करावं असं फार वाटतं.

शेवटचं, वेळेबद्दल. आजार कळल्यावर पहिल्या आठवड्यात एकदम चार डबे येतात, फ्रीज भरतो, अन्न वाया जातं. तिसऱ्या आठवड्यात कुणी फिरकत नाही आणि उपचार तर महिनोन्‌महिने चालतात. सोसायटीतल्या किंवा नात्यातल्या एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर वारांची यादी करावी, हे काम रुग्णाच्या घरच्यांवर टाकू नये. आणि तुम्ही नाव घालाल तेव्हा तिसऱ्या आठवड्यानंतरचा वार निवडा.