'सुटले एकदाचे' : एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

प्रतिक्रियेखाली तुम्ही नाव लिहिलेलं नाही. 'मी बघत होते', 'मी झोपले नाही' यावरून ताई म्हणतोय.

कॅनडातल्या इच्छामरणाच्या कायद्याविरुद्ध मी गेल्या आठवड्यात लिहिलं, त्यावर तुम्ही चिडून लिहिलंत. चिडण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताईंच्या बाबांना मोटर न्यूरॉन डिसीज होता. दोन वर्षांत हात गेले, पाय गेले, मग गिळणं आणि बोलणं. एका रात्री श्वास अडकला, दवाखान्यात नेलं आणि घशाला भोक पाडून व्हेंटिलेटर लावला. पुढचे पाच महिने ते अक्षरांच्या तक्त्यावर पापणी मिटून बोलत. एके दिवशी त्यांनी दोनच अक्षरं दाखवली. ब आणि स. बस. डॉक्टर म्हणाले, आम्हाला असं काही करता येत नाही.

ताई पुढे विचारतात: आयुष्य ज्याचं, निर्णय त्याचा, यात तुमचं काय जातं? कॅनडात तो हक्क अपंग माणसांनीच कोर्टात जाऊन मिळवला, मग सगळ्या अपंगांच्या वतीने बोलणारे तुम्ही कोण? आणि हा धार्मिक कर्मठपणा नाही तर काय?

बाबांच्या 'बस'पासून सुरुवात करतो, कारण ते वाचून मी दोन दिवस काही लिहू शकलो नाही.

त्यांचं ऐकायला हवं होतं. यावर माझं तुमचं दुमत नाही. नको असलेला उपचार नाकारणं हा माणसाचा हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 च्या निकालात तो मान्य केलेला आहे. व्हेंटिलेटर लावू नका, लावला असेल तर काढा, हे आधीच लिहून ठेवायची सोयही त्याच निकालाने दिली. सुरुवातीला त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जावं लागायचं. जानेवारी 2023 मध्ये कोर्टाने ती अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. अंमलबजावणीसाठी दवाखान्यात डॉक्टरांची दोन मंडळं बसतात. त्या दवाखान्याला हे माहीत नव्हतं, की माहीत असून अंगाला लावून घ्यायचं नव्हतं, हे मी इथून सांगू शकत नाही. पण तुमच्या बाबांना जे हवं होतं ते मी ज्याला विरोध करतो ते नव्हे. माझा विरोध आहे तो जो माणूस मरायला टेकलेला नाही, त्याला अपंगत्वाच्या कारणावरून मरणाचं इंजेक्शन द्यायला.

आणखी एक. श्वासासाठी तडफडण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय, त्यावर मॉर्फिनच्या अगदी लहान मात्रेने आराम पडतो. हे औषध महाग नाही. पण 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने त्याला इतके परवाने लावले की बहुतेक दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. 2014 मध्ये कायदा सुधारला, तरी तीस वर्षं ज्या डॉक्टरांनी ते हाताळलं नाही त्यांची भीती एका दुरुस्तीने जात नाही. तुमच्या बाबांच्या पाच महिन्यांत हे औषध कुणी सुचवलं होतं का? विचारतोय एवढ्यासाठी, की या देशात आधी मागण्यासारखं खूप काही शिल्लक आहे.

आता माझं. तुम्ही लिहिलंत, 'तुम्ही व्हीलचेअरवर बसून लिहू तरी शकता.' खरंय, लिहू शकतो. चोविसाव्या वर्षी गावच्या विहिरीत सूर मारला, पाणी कमी होतं, मान मोडली. छातीच्या खाली काही कळत नाही, बोटं वळत नाहीत, तळहाताला पट्ट्याने काडी बांधून एकेक अक्षर दाबतो. या गोष्टीला सतरा वर्षं झाली.

पहिल्या महिन्यात मला न्यूमोनिया झाला. आयसीयूत पडद्याच्या पलीकडे एक डॉक्टर माझ्या दादाशी बोलत होते. आवाज हळू होता, पण पडदा कापडाचा होता. 'हे बघा, वाचला तरी मानेखाली काही नाही. असं जगून तो काय करणार? तुमचं वय काय, तुमचा संसार आहे. विचार करा.' दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'सर, तुम्ही औषध चालू ठेवा.' तो गप्प राहिलेला वेळ मला अजून आठवतो. त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो त्याला विचारात पाडणाऱ्या त्या प्रश्नावर. माझ्या शेजारच्या कॉटवर माझ्याच वयाचा एक मुलगा होता, कीटकनाशक प्यायलेला. त्याच्यासाठी तेच डॉक्टर रात्रभर धावत होते. त्यालाही मरायचं होतं. मला त्या दिवशी नव्हतं.

पुढे मात्र मलाही मरायचं होतं, हे लपवत नाही. माकडहाडावर बेडसोर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम, झाला होता, वाटीएवढा. आई दोन वेळा ड्रेसिंग करायची आणि जखमेत गॉज भरताना मान फिरवायची, मला दिसू नये म्हणून. लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, तुंबला की घाम फुटून डोकं फुटायची वेळ यायची. लग्न ठरलेलं मोडलं. त्या दिवसांत कुणी कागद आणला असता तर मी अंगठा केला असता. कॅनडाच्या कायद्यात, ज्याचं मरण जवळ आलेलं नाही अशा माणसाची तपासणी सुरू झाल्यापासून किमान 90 दिवस थांबावं लागतं. सुरक्षिततेची अट म्हणून ते 90 दिवस सांगितले जातात. मी माझ्या अपघातानंतरचे पहिले 90 दिवस मोजले. त्या काळात मी पाठीवर पडून होतो, घरी आलो नव्हतो, मला व्हीलचेअर मिळाली नव्हती, आणि माझ्यासारखा दुसरा माणूस मी पाहिलेलाही नव्हता. असा पहिला माणूस मला भेटला तो चौदाव्या महिन्यात. तो रिक्षातून स्वतः उतरला आणि मला म्हणाला, 'चहा पाजणार का नुसतं बघणार?'

आता कॅनडा. 2015 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, 2016 मध्ये कायदा आला. त्यात अट होती की नैसर्गिक मरण नजरेच्या टप्प्यात आलेलं हवं. 2019 मध्ये तिथल्या क्युबेक प्रांताच्या न्यायालयाने ती अट घटनाबाह्य ठरवली. तुम्ही म्हणता तो खटला हाच. दाद मागणाऱ्या दोघांपैकी एकाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी होती आणि दुसऱ्या बाईंना पोलिओनंतरचा त्रास. तुमचं म्हणणं बरोबर आहे, ती अपंग माणसंच होती आणि त्यांच्या दुःखाला खोटं म्हणणारा मी कोण? पण सरकारने अपील केलं नाही आणि मार्च 2021 मध्ये कायदा बदलून दुसरी वाट उघडली: मरण जवळ नसलं तरी चालेल, गंभीर आजार किंवा अपंगत्व आणि असह्य यातना असल्या की पुरे. तिथल्या अपंगांच्या मोठ्या संघटना या बदलाच्या विरोधात उभ्या राहिल्या आणि सप्टेंबर 2024 मध्ये त्याविरुद्ध ऑन्टॅरियो प्रांताच्या न्यायालयात गेल्या. मार्च 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने कॅनडाला ही दुसरी वाट बंद करा असं सांगितलं. तेव्हा बोलणारा मी एकटा नाही, आणि सगळ्या अपंगांच्या वतीनेही बोलत नाही.

आकडे तुम्ही मागितले होते. 2023 मध्ये कॅनडात 15,343 जणांनी असं मरण घेतलं, म्हणजे देशातल्या साधारण वीस मृत्यूंमागे एक. त्यातले बहुतेक मरणाच्या दारातले, त्यातही कॅन्सरचे सर्वांत जास्त. दुसऱ्या वाटेने गेलेले 622. तुम्ही म्हणाल, थोडेच आहेत. पण या 622 जणांपैकी जवळपास निम्म्यांच्या यातनांच्या यादीत एकटेपणा नोंदवलेला आहे. एकटेपणावर इंजेक्शन द्यायचं?

तिथली एक बातमी वाचून मी माझी काडी खाली ठेवली होती. 2024 च्या जानेवारीत क्युबेकमध्ये हातपाय निकामी असलेला एक माणूस छातीच्या संसर्गासाठी इस्पितळात गेला. त्याच्यासारख्याला, माझ्यासारख्याला, हवेची गादी लागते. एका बाजूची हवा कमी होते, दुसऱ्या बाजूची भरते, कातडीवरचा दाब हलता राहतो. ती गादी त्याला दिली नाही. 95 तास तो इमर्जन्सीतल्या स्ट्रेचरवर पडून होता. बेडसोर झाला, हाडापर्यंत गेला. मार्चअखेर त्याने इच्छामरण घेतलं. अर्ज त्याचा, सही त्याची, कायद्याने सगळं नीट. ताई, त्याला निर्णयाचं स्वातंत्र्य होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तशी गादी माझ्या पाठीखाली सतरा वर्षं आहे. पंप बिघडला की दादा रात्री दोनला उठून मला कुशीवर करतो.

त्याआधी 2022 मध्ये एका माजी सैनिक बाईंनी, त्या पॅरालिंपिक खेळाडूही होत्या, संसदीय समितीसमोर सांगितलं की घरात व्हीलचेअरसाठी लिफ्ट बसवून मिळावी म्हणून त्या वर्षानुवर्षं मागत होत्या आणि सरकारी कर्मचाऱ्याने त्यांना इच्छामरणाचा पर्याय सुचवला.

आता आपल्याकडचं बघा. परळच्या केईएम इस्पितळात तिथल्याच नर्स अरुणा शानबाग, हल्ल्यात मेंदूला इजा झाल्यावर, 27 नोव्हेंबर 1973 पासून 18 मे 2015 पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या वतीने अन्न थांबवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा विरोध केला तो केईएमच्या नर्सेसनी. 2011 च्या निकालाने ती मागणी फेटाळली आणि त्यांच्या वतीने ठरवण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांकडे ठेवला. अरुणाताईंना काय हवं होतं ते त्या सांगू शकत नव्हत्या, म्हणून त्यांच्या तोंडी मी काही घालणार नाही. मला त्या निकालातली एकच गोष्ट दिसते. 37 वर्षं अंथरुणावर, आणि अंगावर एक बेडसोर नाही. बेडसोर म्हणजे काय ते ज्याला माहीत आहे त्याला कळेल की नर्सेसच्या किती पिढ्यांनी किती हजार वेळा त्या बाईला कूस बदलून दिली असेल. महापालिकेचं इस्पितळ, जनरल वॉर्डची गर्दी. श्रीमंत देशाला 95 तास जमलं नाही ते इथे झालं.

म्हणून इथे सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. केंद्राचं अपंग पेन्शन महिना 300 रुपये आहे. घरी रुग्णाचं करायला येणारा ब्युरोचा माणूस दिवसाला त्याहून जास्त घेतो. बाकीचं सगळं आई, बायको, वहिनी यांच्या पाठीवर. अशा देशात कॅनडाची दुसरी वाट आली तर अर्ज कोण करेल? ज्याला मरायचंय तो, की ज्याच्या वहिनीची कंबर गेलीय तो?

आपल्या बोलण्यात हे मुरलेलं आहे. म्हातारी माणसं देवाला हात जोडतात, 'चालता-बोलता ने, कुणाकडून करून घ्यायची वेळ आणू नकोस.' अंथरुणाला खिळलेलं माणूस गेलं की येणारा प्रत्येकजण म्हणतो, 'सुटले एकदाचे.' कोण सुटलं ते वाक्यात नसतं. माझी आत्या माझ्यासमोर आईला म्हणाली होती, 'तुझ्यामागे याचं कोण करणार, तुझ्या आधी गेला तर बरं.' तिचा जीव आहे माझ्यावर, अजूनही भाकरी मोडून भरवते. पण लहानपणापासून हे ऐकलेल्या माणसाने 'मला जायचंय' म्हटलं, तर त्यातलं त्याचं किती आणि आत्याचं किती, हे कुठला डॉक्टर मोजणार? अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये 1997 पासून मरणासन्न रुग्णांसाठी असा कायदा आहे. लोक तिथे कारणं देतात त्यात सर्वांत वर असतं स्वतःच्या मनासारखं वागता न येणं, आवडीच्या गोष्टी न जमणं, मानसन्मान जाणं. वेदना किंवा वेदनेची भीती बरीच खाली येते. दुसऱ्याने धुणं-पुसणं म्हणजे मानसन्मान गेला असं ज्यांना वाटतं, त्यांना सांगतो की माझं रोज सकाळी सातला कुणीतरी धुतं-पुसतं, आणि नऊला मी कामाला बसतो.

धर्माचं म्हणाल तर, माझा विरोध देवाच्या नावाने नाही. 1996 मध्ये अमेरिकेत डायॅन कोलमन या व्हीलचेअरवरच्या वकील बाईंनी जी संघटना काढली तिचं नाव 'नॉट डेड येट'. अजून मेलो नाही. त्या नावात परमेश्वर कुठेच नाही.

शेवटी तुमच्या आईबद्दल. तुम्ही लिहिलंत, त्या 74 वर्षांच्या आहेत आणि बाबांचं बघून रोज म्हणतात, 'माझं असं काही होऊ देऊ नका.' त्यांचं लिव्हिंग विल, म्हणजे उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवायचा तो कागद, जरूर करा, आत्ताच करा. मी माझं गेल्या वर्षी केलं, नोटरी घरी आला होता. परत शुद्धीवर येण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर लावू नका, असं त्यात आहे. आणि न्यूमोनिया, बेडसोर, लघवीचा संसर्ग झाला तर पूर्ण उपचार करा, अपंग आहे म्हणून हात आखडू नका, हेही आहे. नोटरी म्हणाला, असं कुणी लिहीत नाही. मी म्हटलं, लिहा.

मसुदा मराठीत आहे, ईमेल कळवा, पाठवतो. भरायला बसाल तेव्हा आईंना काय नको ते विचाराच, पण काय हवं तेही विचारा. कुणी आंघोळ घालावी, पलंग कुठल्या खिडकीपाशी असावा, सकाळी रेडिओ लावायचा का. दुसऱ्या पानावर त्यासाठी दहा ओळी मोकळ्या ठेवल्या आहेत.