‘पगार पाळणाघरातच जातो, मग नोकरी कशाला?’ या हिशेबाला उत्तर

व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर अशा आशयाचा मजकूर पुन्हा पुन्हा येतो: ‘आईचा निम्मा पगार पाळणाघराच्या फीत जातो, मग नोकरी कशाला? आपल्याकडे आजी आहे, दारात अंगणवाडी आहे. परक्या हातात मुलं बिघडतात. आणि पाळणाघर हवंच असेल तर ते कंपनी देईल.’ यातलं एकही वाक्य जसंच्या तसं टिकत नाही.

पहिलं, फीचं. मूल दोघांचं, मग फी एकट्या आईच्या पगारातून का वजा होते? ती घरखर्चात घाला, म्हणजे ‘परवडत नाही’ची जागा ‘दोघं मिळून कसं भागवायचं’ हा प्रश्न घेईल. शिवाय फी तीन-चार वर्षांची असते, नोकरी सोडल्याचं नुकसान मात्र निवृत्तीपर्यंत पुरतं. पगारवाढ थांबते, पीएफ थांबतो, बढतीची रांग पुढे सरकते आणि परतणाऱ्या बाईला खालच्या पगारावर सुरुवात करावी लागते. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांचं संशोधन हेच दाखवतं: आज सारख्याच कामातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईतली दरी मुख्यतः पहिल्या मुलानंतर रुंदावते.

आणि ‘नोकरी कशाला’ हा प्रश्न बांधकामावर विटा वाहणाऱ्या बाईला कोण विचारणार? काम तर तिला करावंच लागतं. तिचं मूल वाळूच्या ढिगाऱ्याशेजारी असतं, एवढाच फरक. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी असं दृश्य पाहून बांधकामाच्या जागीच पाळणाघर सुरू केलं, त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. पाळणाघर म्हणजे फक्त शहरी नोकरदारांचे लाड, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आजीचं म्हणाल तर ती अनेक घरांत स्वतःच मजुरीला जाते, किंवा गावी असते. मग राहते थोरली बहीण. धाकट्याला सांभाळायला तिची शाळा बुडते, म्हणजे एका बाईच्या कामाची किंमत पुढच्या बाईच्या शिक्षणातून वसूल होते. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे कोसबाडच्या आदिवासी भागात ओळखलं होतं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच आवारात आणली, म्हणजे भावंडाला कडेवर घेऊन येणारी मुलगी वर्गात बसू शकेल.

अंगणवाडीबद्दल मला आदरच आहे. पण २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेची ती अंगणवाडी दिवसभराचं पाळणाघर म्हणून आखलेलीच नव्हती. ती काही तासच भरते, तीही मुख्यतः तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. त्याहून लहानांना घरी न्यायचा आहार मिळतो, सांभाळणारं माणूस मिळत नाही. एक सेविका, एक मदतनीस, त्यात नोंदी, गृहभेटी, लसीकरणाचा दिवस, आणि मोबदल्याला नाव ‘मानधन’. पाळणाघरासह अंगणवाडी चालवणारी ‘पाळणा’ योजना २०२२ पासून केंद्र सरकारच्या महिलांसाठीच्या ‘मिशन शक्ती’खाली आहे. ती प्रत्येक वस्तीत पोहोचावी आणि तिथल्या बायकांना मानधन नव्हे, वेतन मिळावं, ही माझी ठाम मागणी आहे.

मुलं बिघडतात, या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये रोज ५ डॉलरमध्ये बालसंगोपन द्यायला सुरुवात केली. लहान मुलांच्या आयांचं नोकरीतलं प्रमाण वाढलं. पण केंद्रं घाईने वाढली, दर्जा सगळीकडे सारखा राहिला नाही, आणि नंतरच्या काही अभ्यासांत मुलांमध्ये चिंता व आक्रमकपणा वाढल्याचं दिसलं. म्हणून मागणी स्वस्त पाळणाघराइतकीच चांगल्या पाळणाघराचीही हवी: प्रशिक्षित बाई, तिच्याकडे मोजकीच मुलं, स्वच्छ जागा, नियमित तपासणी.

उरली कंपनी. १९४८ च्या कारखाने कायद्यात स्त्री कामगारांची संख्या ३० च्या वर गेली की पाळणाघराची सक्ती होती. मालकाने बायका कमी घ्याव्यात, यासाठी याहून सोपी सोय काय असणार? २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीने पाळणाघराच्या सक्तीसाठी ५० कर्मचारी स्त्री-पुरुष मिळून मोजायचं ठरवलं, हे योग्यच झालं. पण शेतमजूर, घरकामगार, फेरीवाली यांच्यापाशी पन्नास कर्मचाऱ्यांची कंपनी नसतेच. त्यांच्या मुलांचा खर्च सरकारी अंदाजपत्रकातच असला पाहिजे, रस्त्याचा असतो तसा.