राजाच्या गुडघ्याचा खर्च

गोव्यात पेडण्याकडच्या आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन वाद कायमचे मुक्कामाला आहेत. टीव्हीवरची अमेरिकन कुस्ती खरी की खोटी, हा पहिला. दुसरा, म्हाताऱ्या लोककलाकारांना सरकारने दरमहा पैसे का द्यावेत. 'कला सन्मान' या सरकारी मानधन योजनेचा विषय निघाला की दुसरा पेटतो. अमक्याने चार वर्षं राक्षस केला आणि त्याचं नाव यादीत, तमक्याने उभा जन्म दशावतारात घालवला आणि त्याचा अर्ज अजून फायलीतच. मी फ्लोरिडात टँपाजवळ राहते, इस्पितळाची बिलं विमा कंपन्यांकडे पाठवण्याचं काम करते. मला हे दोन्ही वाद एकाच ठिकाणी येऊन मिळताना दिसतात.

पहिल्याचा निकाल कधीच लागला आहे. 'हा खरा सामना नव्हे, करमणूक आहे' हे ती कुस्ती भरवणाऱ्या खुद्द डब्ल्यूडब्ल्यूई (तेव्हाची डब्ल्यूडब्ल्यूएफ) कंपनीनेच १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्यापुढे मान्य केलं. खेळ म्हटला की सरकारी नियंत्रण आलं, परवाने आले, डॉक्टरची तपासणी आली, कर आला. करमणूक म्हटलं की हे सगळं टळतं. आमच्या लहानपणी अंडरटेकर नावाचा कुस्तीगीर सात वेळा मेला आणि सात वेळा उठला, यावर शाळेत मारामाऱ्या व्हायच्या. 'सगळं खोटं रे' म्हणणारा पोरगा तेव्हा आम्हाला शत्रू वाटे. त्याचंच वाक्य पुढे कंपनीच्या पथ्यावर पडलं होतं, हे कुणाला ठाऊक!

आमच्या भागात कुस्तीगीर पुष्कळ राहतात. ऑर्लँडोत डब्ल्यूडब्ल्यूईचं प्रशिक्षण केंद्र २०१३ मध्ये सुरू झालं, त्यानंतर तर अधिकच. पण त्या केंद्राच्या दारापर्यंतही न पोचलेले शेकडो जण शनिवारी रात्री छोट्या हॉलमध्ये लढतात. असाच एक कार्यक्रम संपल्यावर मी रिंगला हात लावून पाहिला. लोखंडी तुळया, त्यांवर प्लायवुडच्या फळ्या, त्यावर बोटभर फोम आणि वर ताणलेला कॅनव्हास. हनुवटी छातीला लावून, श्वास सोडत, पाठ सपाट टेकवायची, ही तिथली पहिली विद्या. आवाज फळीचा मोठा येतो, पण मणक्याला बसायचं ते बसतंच. अर्ध्या तासापूर्वी 'खलनायक' असलेला माणूस बाहेर टेबल मांडून स्वतःचे टी-शर्ट विकत होता, गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून. विमा आहे का, विचारलं. धंद्याची सवय, दुसरं काय! तो हसला आणि मापाचा शर्ट शोधायला लागला.

आणि मोठ्या कंपनीत? तिथले कुस्तीगीर कागदोपत्री कर्मचारी नाहीतच, स्वतंत्र कंत्राटदार आहेत. रिंगमधल्या दुखापतीवरचे उपचार कंपनी करते, हे खरं. जुन्या कुस्तीगिरांना व्यसनमुक्तीचा खर्चही २००७ पासून देते. पण घरच्या आजारपणाचा विमा ज्याचा त्याने काढायचा. भाड्याची गाडी आणि हॉटेल आपल्या खिशातून, ही वर्षानुवर्षांची रीत होती. १९८६ मध्ये जेसी व्हेंचुरा या कुस्तीगिराने कामगार संघटनेची गोष्ट काढली, ती त्याच्याच जोडीच्या हल्क होगनने मालकाच्या कानावर घातली आणि विषय तिथेच संपला. दुसरा कुस्तीगीर रॉडी पायपर २००३ मध्ये टीव्हीवर बोलून गेला की पेन्शन पासष्टीला मिळणार, आणि मी काही पासष्टी गाठत नाही. २०१५ मध्ये तो गेला तेव्हा ६१ वर्षांचा होता.

आता आपल्या जत्रेतल्या दशावताराकडे या. चेहऱ्याला रंग लागत असताना जाणता नट आख्यान सांगतो, लिहिलेली संहिता नसते. कोण जिंकणार ते ठरलेलं, बाकी संवाद आणि युद्ध उभ्या उभ्या रचायचं. कुस्तीतही शेवट ठरलेला, मधलं एकमेकांच्या कानात कुजबुजत जमवायचं. रात्र संपली की पेटारे गाडीत, दुसऱ्या दिवशी दुसरं गाव. आमच्या वाड्यावरचे एक काका तीस-पस्तीस वर्षं राजा करायचे. युद्धात ते असे गुडघ्यावर आदळत की पुढे बसलेली पोरं मागे सरकत. आज जिना चढताना ते भिंत धरतात. त्यांना कुणी 'ते युद्ध खोटंच होतं ना' असं विचारत नाही, पण ग्रुपवर त्यांच्या मानधनाचा हिशेब मात्र मांडतात.

मला विचाराल तर या बाबतीत गोवा अमेरिकेच्या पुढे आहे. परदेशातून लिहिणाऱ्याने उलटंच म्हणायची पद्धत आहे, त्याला इलाज नाही. काकांना बांबोळीचं गोमेकॉ हे सरकारी इस्पितळ आहे, दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं सरकारी विम्याचं कार्ड आहे, आणि दरमहा थोडे का होईना, सरकारी पैसे येतात. असा माणूस माझ्या टेबलावर आला असता तर बिलाचा आकडा पाहूनच खाली बसला असता. इथे जुन्या कुस्तीगिराच्या शस्त्रक्रियेसाठी चाहते ऑनलाइन वर्गणी काढतात आणि त्याला लोक माणुसकी म्हणतात. आहेच ती. पण वर्गणी नावाजलेल्यालाच मिळते, शनिवारच्या हॉलमधल्याला कोण ओळखतं?

यादीत वशिला चालत असेल तर तो जरूर उघडा पाडा. मात्र मानधनच बंद करा म्हणणाऱ्यांशी माझं जमणार नाही. आणि आपल्याकडेही एक भोक आहेच. म्हातारपणी मानधन येतं, पण ऐन हंगामात चाळिशीतल्या नटाचा पाय मोडला तर त्याच्या बुडालेल्या नाइटी, म्हणजे रात्रीच्या प्रयोगांचे पैसे, कोण भरून देणार? कार्डावर शस्त्रक्रिया होईल, पण घर चालणार नाही. जत्रेच्या जमाखर्चात मंडप, लाइट, फटाके सगळं असतं. तिथेच नटांच्या अपघात विम्याची एक ओळ घाला, असं मी ग्रुपवर लिहिलं. लगेच उत्तर आलं, "मग बाय, तूच भर की हप्ता, डॉलरात कमावतेस." पहिल्या वर्षाचा भरते. दुसऱ्या वर्षी फटाक्यांतून काढा.