खुलासा : लष्कराच्या सिग्नल्समधून (संदेशवहन दलातून) निवृत्त झालं की सीसीएनए आपोआप मिळत नाही

जळगाव-धुळ्याच्या माजी सैनिक ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : 'सिग्नल्समध्ये सेवा झालेल्यांना सिस्कोचं सीसीएनए प्रमाणपत्र परीक्षेविना, थेट नोकरी.' सीसीएनए म्हणजे सिस्को कंपनीचं कॉम्प्युटर नेटवर्किंगचं प्रमाणपत्र. परवा मीही तो मेसेज पुढे पाठवला. चूक झाली.

मी स्वतः सिग्नल्सचा, परीक्षा देऊनच पास झालेला. सीसीएनएची परीक्षा सगळ्यांना सारखीच : कोड २००-३०१, वेळ १२० मिनिटं, फी ३०० डॉलर आणि वर कर. प्रमाणपत्र ३ वर्षंच चालतं. सेवेची सूट कुठेच नाही.

सेवेचा उपयोग नाही असं मात्र नव्हे. रात्री टॉर्च दातांत धरून तुटलेली लाइन शोधलेली असते, तो सराव मुलाखतीत कळतो. सबनेटिंगला (नेटवर्कचे पत्ते लहान गटांत विभागायच्या गणिताला) मात्र वही-पेन्सिल घेऊन बसावंच लागतं. मला तेच जड गेलं. निवृत्तीआधी पुनर्वसन महासंचालनालयाच्या अभ्यासक्रमांची चौकशी युनिटमध्येच करा. ते प्रशिक्षण आहे, नोकरीची हमी नव्हे.

त्या मेसेजखालच्या नंबरावर 'नोंदणी फी' भरू नका, भाऊ. जिथे तो पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका, आणि जुना मेसेज पुढे ढकलणं थांबवा.